पेडणे आणि डिचोली : दोन महालांचा वारसा

पोर्तुगालच्या वाङ्मयेतिहासात ‘अलोर्नाची मार्केझा’ या नावाने ओळखली जाणारी एक कवयित्री होऊन गेली. लिओनोर द आल्मैदा हे तिचे मूळ नाव. १७५० साली जन्मलेल्या या विदुषीचे बालपण आणि तारुण्य राजरोषामुळे लिस्बनजवळच्या एका मठात बंदिवासात गेले, आणि तेथेच तिची काव्यप्रतिभा फुलली. ज्या ‘अलोर्ना’ या नावाने ती अमर झाली ते गाव मात्र पोर्तुगालात नाही. ते गोमंतकाच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठी आहे. तेथील माणसे त्याला हळर्ण म्हणतात. नदीकाठी सावंतवाडीकर भोसल्यांचा एक आटोपशीर किल्ला होता. १७४६ साली तो फिरंग्यांनी घेतला, आणि या विजयाबद्दल गोव्याच्या तत्कालीन व्हाइसरॉयला त्याच्या राजाने ‘अलोर्नाचा मार्क्विस’ ही पदवी दिली. कवयित्री ही त्याची नात. पोर्तुगालमधील या घराण्याच्या द्राक्षमळ्यालाही हेच नाव मिळाले, आणि तेथील मद्याच्या बाटल्यांवर पेडण्यातील या लहानशा गावाचे नाव आजही छापलेले असते. हळर्णच्या शेतकऱ्याला मात्र याची वार्ता क्वचितच असते.

पेडणे आणि डिचोली या दोन महालांचे सारे इतिहासभाग्य या एका उदाहरणात सामावलेले आहे. या भूमीची नावे दूरदूर गेली, येथील माणसांनी परमुलखात कीर्ती मिळविली. परंतु त्या कीर्तीची नोंद बहुधा दुसऱ्यांच्या दप्तरात झाली. मुंबईच्या इतिहासात, ग्वाल्हेरच्या बखरीत, लिस्बनच्या कागदपत्रांत हे महाल सापडतात. त्यांचा स्वतःचा असा इतिहास मात्र एकत्र जुळवून पाहावा लागतो. तो तसा जुळविला म्हणजे गोव्याविषयीच्या पुष्कळशा रूढ समजुती तपासून घेण्याची वेळ येते.

गोवा म्हणजे साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट, हे वाक्य सर्वांच्या तोंडी असते. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या तीन महालांपुरते ते खरे आहे. सोळाव्या शतकात फिरंग्यांनी जिंकलेला हा भाग ‘जुन्या काबिजादी’ या नावाने ओळखला जातो. डिचोली आणि पेडणे यांची गोष्ट निराळी. डिचोली १७८१ साली, तर पेडणे १७८८ साली कायमचे पोर्तुगीज अमलाखाली आले. म्हणजे १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा पेडण्यावरील परकी सत्तेला पावणेदोनशे वर्षेही झाली नव्हती. त्यापूर्वी हा मुलूख सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होता, आणि कुडाळ, बांदे, सावंतवाडी यांच्याशी त्याचा रोजचा व्यवहार होता. पेडणे फिरंग्यांच्या हाती गेले तेही रणांगणावरील एका पराभवाने नव्हे. कोल्हापूरकर छत्रपतींशी चाललेल्या झगड्यात सावंतवाडीच्या खेम सावंतांना मदतीची निकड होती. त्या मदतीच्या मोबदल्यात हा महाल द्यावा लागला. दोन मराठी सत्तांच्या भाऊबंदकीत तिसऱ्याचा लाभ झाला.

या उशिराचा परिणाम फार दूरगामी ठरला. गोव्यात धर्मसमीक्षणसभा १५६० साली स्थापन झाली आणि जुन्या काबिजादीतील देवळे त्या शतकात जमीनदोस्त झाली. डिचोली-पेडण्याकडे पोर्तुगीज आले तोवर त्या धर्मवेडाचा भर ओसरला होता. लिस्बनमधील राज्यकर्त्यांची दृष्टी पालटली होती, आणि नव्या मुलखातील प्रजेचा धर्म, देवस्थाने व चालीरीती यांना हात लावला जाणार नाही अशी हमी देणे त्यांना राजकीय दृष्ट्या सोयीचे वाटले. १८१२ साली धर्मसमीक्षणसभाच बरखास्त झाली. म्हणून या महालांत गावोगावची ग्रामदैवते आपल्या मूळ जागी राहिली, त्यांच्या जत्रा चालू राहिल्या आणि कीर्तन, पुराण, हिशेब व पत्रव्यवहार यांची भाषा मराठीच राहिली.

इतकेच नव्हे, तर जुन्या काबिजादीतून परागंदा झालेल्या देवांना याच भूमीने आसरा दिला. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वर हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. सप्तकोटेश्वर ही गोव्याच्या कदंब राजांची आराध्यदेवता. त्या देवाच्या वरप्रसादाने आपणास राज्य लाभले, असे बिरुद ते आपल्या सुवर्णनाण्यांवर मिरवीत. या देवाचे मूळ मंदिर दिवाडी बेटावर होते. बहमनी आक्रमणात ते पडले. विजयनगरच्या माधव मंत्र्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते पुन्हा उभारले. १५४० साली पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले. भाविकांनी लिंग नदीपार नेले आणि पैलतीरावर, डिचोलीच्या हद्दीत, त्याची स्थापना केली. बेटावरील गावाचे नावही देवाबरोबर नदी ओलांडून आले, आणि ते नवे ठिकाणही नार्वे झाले.

पुढे १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराज या भागात आले. आदल्याच वर्षी त्यांच्या फौजेने बारदेशावर स्वारी केली होती. फिरंग्यांशी तह झाला होता, तरी दोन्ही पक्ष एकमेकांवर डोळा ठेवून होते. अशा दिवसांत महाराजांनी नार्व्याच्या देवालयाच्या जीर्णोद्धाराचा आरंभ करविला. शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार ही त्या प्रारंभाची तिथी देवळाच्या द्वारावरील शिलालेखात कोरलेली आहे. हा लेख अवघ्या काही शब्दांचा आहे; पण त्यामागील अर्थ मोठा आहे. नदीच्या एका तीरावर ज्या देवाचे देऊळ पाडले गेले, त्याच देवाचे देऊळ पैलतीरावर, पाडणाऱ्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात, राजाज्ञेने उभे राहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये या मंदिराचे नव्याने केलेले जतनकार्य पूर्ण होऊन ते भाविकांस खुले झाले. उतरत्या कौलांचे छप्पर, घुमटाकार शिखर, समोरची दीपमाळ हे त्याचे रूप पाहिले की महाराष्ट्र, विजापूर आणि गोवा या तिन्ही ठिकाणच्या कारागिरीची सरमिसळ ध्यानी येते.

डिचोलीचा वारसा एकाच धर्माचा वा एकाच राजाचा नाही. सांखळीजवळच्या हरवळे येथे खडकात कोरलेली लेणी आहेत. ती सहाव्या-सातव्या शतकांतील मानली जातात. लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. त्यांच्या जवळच धबधबा आणि रुद्रेश्वराचे देऊळ आहे. डिचोली शहरालगत लामगाव येथेही गुंफा आहेत. कुडणे गावात जैन मंदिराचे भग्न अवशेष आहेत. आणि डिचोलीच्या टेकडीवर नमाजगाह नावाची जी वास्तू आहे ती औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शहाजादा अकबर याने बांधविली, अशी परंपरा आहे. बापाविरुद्ध उठलेल्या या राजपुत्राला संभाजी महाराजांनी आश्रय दिला. १६८३ च्या सुमारास त्याचा मुक्काम या बाजूस होता. समुद्रमार्गे इराण गाठण्याची त्याची धडपड होती, आणि १६८७ साली तो अखेरीस निघून गेला. मोगल शहाजाद्याने मराठ्यांच्या आश्रयाने, फिरंग्यांच्या शेजारी, नमाजासाठी बांधविलेली ही जागा म्हणजे सतराव्या शतकातील दक्षिणेच्या राजकारणाचा एक छोटासा नकाशाच आहे.

वाळवंटी नदीच्या काठचे सांखळी हे राणे घराण्याशी जोडलेले गाव. तेथील विठ्ठलमंदिर हे त्या घराण्याचे श्रद्धास्थान, आणि त्रिपुरारी पौर्णिमेस नदीत सोडल्या जाणाऱ्या नौकांचा उत्सव दुरून लोक पाहावयास येतात. राण्यांनी शेजारच्या सत्तरीतून पोर्तुगीजांविरुद्ध वारंवार उठाव केले. त्यांतील दीपाजी राण्यांचे १८५२ चे बंड सर्वपरिचित आहे. शिगम्यात डिचोली, सत्तरी आणि पेडण्यात होणारी घोडेमोडणी, कमरेला लाकडी घोड्याचा साज बांधून आणि हाती तलवार घेऊन नाचणारे गडी, ही त्या लढाऊ परंपरेचीच लोकांनी जपलेली आठवण होय.

पेडणे महालाचे वैशिष्ट्य वास्तूंपेक्षा माणसांत अधिक आहे. अठराव्या शतकातील संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव येथे प्रथम घ्यावयास हवे. त्यांच्या घराण्याचे नाते पेडणे महालाशी सांगितले जाते. बांद्याचे कुलकर्णीपण त्यांच्याकडे होते. सावंतवाडी दरबाराच्या बोलावण्यावरून निघाले असता वाटेत इन्सुलीच्या रानात त्यांनी फणस फोडला, एका अनोळखी योग्याने त्यातील वाटा मागितला, आणि त्या भेटीने त्यांचे सारे आयुष्य पालटले, अशी आख्यायिका आहे. तो योगी म्हणजे गहिनीनाथ, असे संप्रदायात मानतात. सोहिरोबांनी चाकरी सोडली, ‘महदनुभवेश्वरी’, ‘सिद्धान्तसंहिता’ यांसारखे ग्रंथ रचले आणि उत्तरेकडे संचार केला. त्यांची पदे गोमंतकातील भजनी मंडळे पिढ्यान्‌पिढ्या गात आली आहेत. पेडण्यातील विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयास आज त्यांचे नाव आहे, हे उचितच होय.

सोहिरोबा ज्या उत्तर हिंदुस्थानात फिरले, तेथेच त्यांचा एक समकालीन देशबंधू तलवार गाजवीत होता. जिवबादादा बक्षी, मूळ आडनाव केरकर, हे पेडणे महालातील केरी गावचे. एक शेणवी तरुण समुद्रकाठच्या खेड्यातून निघतो आणि महादजी शिंद्यांच्या फौजेचा बक्षी होतो, ही घटना त्या काळच्या मराठी राज्याच्या मोकळेपणाची साक्ष देते. राजपुतान्यातील मोहिमांत त्यांनी नाव कमावले. महादजींच्या मृत्यूनंतर १७९५ साली खर्ड्याच्या रणांगणावर निजामाविरुद्ध शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व याच केरकरांकडे होते. मराठ्यांचे सारे सरदार एका निशाणाखाली लढले असा तो अखेरचा मोठा संग्राम. त्यात तेरेखोलच्या मुखाशी वसलेल्या एका गावाचा वाटा होता, हे सहसा सांगितले जात नाही.

पेशवाई बुडाली, आणि या महालातील कर्तबगार माणसांची वाट ग्वाल्हेरऐवजी मुंबईकडे वळली. मांद्रे गावचे रामकृष्ण विठ्ठल लाड लहानपणी वडिलांबरोबर मुंबईस गेले. घरची स्थिती बेताची. पण मुलगा बुद्धिबळात असा तरबेज की गव्हर्नर लॉर्ड क्लेअरचे लक्ष त्याच्याकडे गेले आणि त्यास इंग्रजी शिक्षण द्यावे असा सल्ला त्याने वडिलांस दिला. हाच मुलगा पुढे डॉक्टर भाऊ दाजी लाड म्हणून प्रसिद्धीस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. विद्यार्थीदशेच्या सुमारास त्यांनी कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येच्या दुष्ट चालीवर निबंध लिहून पारितोषिक मिळविले. १८५२ साली स्थापन झालेल्या ‘बाँबे असोसिएशन’चे ते चिटणीस होते, १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. गोरगरिबांस विनामूल्य औषध देणारा हा वैद्य रात्री प्राचीन शिलालेखांचे ठसे वाचीत बसे. अजिंठ्याचे लेख, कालिदासाचा काळ, जुनी नाणी यांवर त्यांनी लिहिलेले निबंध विद्वन्मान्य ठरले. महारोगावर वनस्पतिज तेलाचा उपचार शोधण्यात त्यांनी अखेरची वर्षे घालविली. १८७४ साली ते निवर्तले. मुंबईच्या भायखळ्यातील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयास १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले. त्या भव्य दालनांत फिरणाऱ्या प्रेक्षकास मांद्रे हे नाव ठाऊक नसते. आणि मांद्र्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या प्रवाशास भाऊ दाजी ठाऊक नसतात.

माणसे गाव सोडून का गेली, याचे उत्तर राज्यव्यवस्थेत सापडते. नव्या काबिजादीत देवळे राहिली खरी. पण उच्च शिक्षणाची सोय नव्हती, उद्योग नव्हते, आणि सरकारदरबारी जावयाचे तर पोर्तुगीज भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे. ज्यांना तो ओलांडता आला त्यांची संख्या थोडी. पेडण्याचे देशप्रभू हे त्यांपैकी ठळक घराणे. पोर्तुगालच्या राजाने या हिंदू घराण्यास ‘व्हिस्काउंट ऑफ पेर्नें’ ही युरोपीय सरदारकी बहाल केली. पेडणे शहरातील त्यांचा चौसोपी वाडा ही या महालातील मराठी आणि पोर्तुगीज या दोन रीतींच्या संगमाची खूण होय. इतरांपुढे मात्र बंदर गाठून मुंबईची वाट धरणे हाच मार्ग उरे. धर्म वाचला, पण माणसे गेली, असा हा उफराटा हिशेब होता.

तरीही ज्या दिवशी गोव्याच्या स्वातंत्र्याची हाक उठली त्या दिवशी सीमेवरचा हा महाल आघाडीवर आला. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, तीन बाजूंनी महाराष्ट्राच्या भूमीने आणि समुद्राने वेढलेला आहे. पेडण्याचा असूनही पेडण्यापासून तरीने तुटलेला. १८३५ साली गोव्याचा पहिला देशी प्रीफेक्ट बर्नार्दु पेरिश द सिल्व्हा पदच्युत झाला तेव्हा त्याच्या पक्षाच्या शिपायांची कत्तल याच किल्ल्यात झाली होती. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढच्या वर्षी त्याच तारखेस देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सरहद्दीत शिरले आणि पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तेरेखोल येथे पनवेलचे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर पडले. पत्रादेवी येथे मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय हाती ध्वज घेऊन पुढे झाल्या व जखमी झाल्या. त्यांच्या साहाय्यास धावलेला पंजाबचा कर्नैलसिंग छातीवर गोळी घेऊन कोसळला. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक आज मुंबई-गोवा महामार्गावर उभे आहे. पेडण्याच्या मातीत पंजाबचे रक्त मिसळले, ही गोष्ट कोणत्याही सनदेपेक्षा मोलाची आहे.

मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्यातच झाला. खाणउद्योगात पैसा मिळवून त्यांनी तो सढळ हाताने वाटला, आणि २० डिसेंबर १९६३ पासून, सार्वमताच्या सुमाराचे काही महिने वगळता, १९७३ साली मृत्यू येईपर्यंत राज्यकारभार पाहिला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा हे त्यांचे स्वप्न होते. १६ जानेवारी १९६७ च्या सार्वमतात १,७२,१९१ लोकांनी स्वतंत्र अस्तित्वाच्या बाजूने, तर १,३८,१७० लोकांनी विलीनीकरणाच्या बाजूने कौल दिला. भाऊसाहेबांनी तो मानला. परंतु खेडोपाडी प्राथमिक शाळा काढण्याचा त्यांचा उद्योग त्या कौलाने थांबला नाही. ज्या महालातील मुलांना शिकण्यासाठी घर सोडावे लागे, त्याच महालातील सुपुत्राने शाळा घरापाशी आणली. इतिहासाची अशी परतफेड विरळा.

दोन्ही महालांना जोडणारी एक लोककथा या साऱ्या इतिहासाहूनही जुन्या मनोवृत्तीची साक्ष देते. शिरगावची लईराई, मयेची महामाया, मुळगावची केळबाई, मोरजीची मोरजाई या बहिणी-बहिणी, असे लोक मानतात. आणि त्यांचीच एक बहीण मिराबाई म्हापशास गेली व मिलाग्रीस सायबीण झाली. वैशाख शुद्ध पंचमीस लईराईचे व्रतस्थ धोंड निखाऱ्यांवरून चालतात. म्हापशाच्या फेस्तास हिंदू भाविक तेल घेऊन जातात. तीन महाल, दोन धर्म, पण माहेर एक, हा लोकमानसाने काढलेला तोडगा आहे. कोजागिरीस भरणारी पेडण्याची पुनव हीदेखील अशीच. देवालय एका रात्रीत बांधून द्या, असा भूतनाथाचा हट्ट आणि लोकांनी काढलेली त्याची समजूत पाहण्यासाठी तेथे रात्रभर माणसांचा सागर लोटतो.

हा वारसा आज निराळ्या कसोटीस लागला आहे. डिचोलीच्या डोंगरांनी लोहखनिज दिले आणि त्याबरोबर विहिरींचे पाणी व शेतांतील माती गमावली. २०१२ व २०१८ साली न्यायालयीन निर्णयांनी खाणी थांबल्या, तेव्हा हातावर पोट असणारी कुटुंबे अडचणीत आली. २०२४ साली डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. पेडण्यात मोपाच्या पठारावर डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले आणि शतकानुशतके बाजूला पडलेला हा महाल गोव्याचे नवे महाद्वार बनला. जमिनीला भाव आला, आणि भाव आला की जुनी घरे, देवराया आणि गावांची नावेसुद्धा अडचणीची वाटू लागतात. खाणीचा आणि विमानाचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु विमानातून उतरणाऱ्यास भाऊ दाजींचे मांद्रे, जिवबादादांची केरी आणि हळर्णचा किल्ला जवळच आहेत, एवढे सांगणारी पाटी तरी असावी. आणि ती पाटी वाचून दाखविणारे मूल गावच्या शाळेतून तयार व्हावे.

देवळे पडली तेव्हा या महालांनी देव वाचविला, कारण तो कोणाचा आहे हे तेथील माणसांना ठाऊक होते. आता वाचवावयाच्या आहेत त्या आठवणी. त्याही कोणाच्या आहेत हे ठाऊक असेल, तरच त्या वाचतील.